चाळीच्या जागी मनोरा : जमिनीखाली काय घडते?

मुंबईत चर्नी रोड स्थानकातून बाहेर पडून गिरगावात शिरले, की हल्ली दर दोन-चार गल्ल्यांआड पत्र्याचे उंच कुंपण दिसते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तेथे एखादी चाळ उभी असते. आता आत खोदाई-यंत्राची धडधड चालू असते, आणि कुंपणाखालून एक जाड पाइप रस्त्याच्या गटाराकडे गेलेला असतो. त्यातून रात्रंदिवस पाणी वाहते. येणारे-जाणारे त्या पाण्यातून पाय वाचवीत पुढे जातात. हा लेख बराचसा त्या पाइपाविषयी आहे. पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी थोडे गणित करावे लागेल.

अशा बांधकामाजवळून जाताना विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "चार मजल्यांच्या चाळीच्या जागी चाळीस मजले उभे राहिले, तर तीच जमीन दहापट वजन कसे पेलते?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर वाटते त्यापेक्षा सोपे आहे. अवघड भाग निराळाच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. जुन्या इमारती आहेत तशाच ठेवाव्यात, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. गिरगाव, खेतवाडी, भुलेश्वर, डोंगरी या भागांतील पुष्कळ इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत. लाकडी खांब आणि तुळया, मधे विटांच्या चुन्यात बांधलेल्या भिंती, वर लाकडी तक्तपोशी आणि चुन्याचा कोबा. मोरीतून व सामाईक संडासातून वर्षानुवर्षे पाझरणारे पाणी तुळयांच्या भिंतीत रुतलेल्या टोकांपाशी साचते आणि लाकूड नेमके तेथेच कुजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, पण जिच्यावर सारा भार टेकलेला असतो ती वीतभर टोकाची लांबी आतून भुसा झालेली असते. त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली. १९६९ मध्ये शासनाने दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर बसवला, तेव्हा मुंबई बेटावरील अशा इमारतींची संख्या १९,६४२ भरली. त्यांनाच 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. पुनर्बांधणी हवी की नको, हा वादाचा विषय राहिलेला नाही. ती करताना हिशेब कशाकशाचा मांडायचा, हा खरा विषय आहे.

किती बांधायचे?

भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणारा आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. सर्व मजल्यांचे एकूण क्षेत्रफळ भागिले भूखंडाचे क्षेत्रफळ, एवढाच त्याचा अर्थ. निर्देशांक उंची सांगत नाही. १००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल, तर अर्धा भूखंड व्यापणारी चार मजली इमारत उभी राहील, किंवा दहावा हिस्सा व्यापणारी वीस मजली. दोन्हींत घरे तेवढीच असतील. हा मुद्दा वर्गात चौकटीच्या कागदावर चौकोन रंगवून चटकन पटवता येतो.

मुंबई बेटावर दीर्घकाळ हा मूळ निर्देशांक १.३३ होता. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला मात्र वेगळा नियम लागतो. निर्देशांक ३, किंवा जुन्या भाडेकरूंना पुन्हा घरे देण्यासाठी लागणारे क्षेत्र अधिक विकासकाला विक्रीसाठी दिलेले प्रोत्साहनपर क्षेत्र, यांतील जे अधिक असेल ते. भाडेकरूला घर फुकट मिळते. त्याचा खर्च विक्रीच्या घरांतून निघतो.

आता एक काल्पनिक चाळ घेऊ. भूखंड १००० चौ.मी., खोल्या ८०. प्रत्येक कुटुंबाला किमान ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २७.९ चौ.मी. चटईक्षेत्र द्यायचे. ८० घरांचे झाले २२३० चौ.मी. भिंती, जिने, मार्गिका यांसाठी एक-तृतीयांश वाढवले, की सुमारे ३००० चौ.मी. होतात. प्रोत्साहन याच्या निम्मे धरले, तर १५०० चौ.मी. एकूण ४५००, म्हणजे निर्देशांक ४.५.

त्याच भूखंडावर ८० ऐवजी १२० खोल्या असत्या तर? हाच हिशेब केल्यास निर्देशांक जवळजवळ ६.७ येतो. रस्ता तोच, गटार तेच, शेजारची इमारत तीच. केवळ पूर्वी दाटी अधिक होती म्हणून आता बांधकाम अधिक! जेथे आधीच श्वास घ्यायला जागा नव्हती, तेथे सर्वांत मोठे बांधकाम येते. नियम करणाऱ्यांचा हेतू रहिवाशांना घरे मिळावीत हाच आहे, आणि त्यात खोट काढता येत नाही. पण या सूत्रात रस्त्याची रुंदी, गटाराचा व्यास आणि जमिनीचा प्रकार यांतले काहीच येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

गंमत अशी, की माणसे तेवढी वाढत नाहीत. १५०० चौ.मी. मध्ये शंभर-शंभर चौ.मी. ची पंधरा घरे होतील. ८० कुटुंबांची ९५ झाली, इतकेच. वाढतात त्या मोटारी आणि पाणी. सामाईक नळावर बादली लावणाऱ्या कुटुंबाला घरात न्हाणीघर व संडास मिळाला, की त्याचा पाणीवापर वाढणार, आणि वाढायलाच हवा. नगरनियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी होते. मोटारींसाठी लागणारे मजले निर्देशांकात मोजले जात नाहीत. म्हणून अरुंद भूखंडावर खाली पाच-सहा मजले नुसत्या गाड्या आणि त्यावर माणसे, अशी रचना सर्रास दिसते. आणखी गाड्या ठेवायच्या, तर एकच दिशा उरते : खाली.

वजनाचे काय?

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. इमारतीचे वजन ढोबळमानाने दर मजल्याला दर चौ.मी. मागे १ ते १.५ टन धरता येते. चार मजली चाळ जमिनीवर दर चौ.मी. ला ५-६ टन दाब देते. चाळीस मजली मनोरा ४० ते ६० टन. जमिनीची क्षमता किती? भारतीय मानकातील तक्त्यानुसार अतिमऊ चिकणमातीवर सुमारे ५ टन, मऊ चिकणमातीवर १० टन, आणि भेगा नसलेल्या कठीण खडकावर, ज्यात आपला काळा पाषाण येतो, तब्बल ३३० टन भार टाकता येतो.

म्हणजे मनोरा खडकावर टेकला, की वजनाचा प्रश्न सुटला. प्रश्न उरतो तो खडक किती खाली आहे याचा. मुंबई बेटाची जमीन याबाबत अगदी बेभरवशाची आहे. मलबार हिलवर खडक पायाखालीच आहे. डोंगरीच्या नावातच टेकडी आहे. पण या दोन उंचवट्यांमधला कामाठीपुऱ्यासारखा भाग भरतीच्या पाण्याखाली जाई. वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस झाल्यावरच तो कोरडा पडला आणि भरला गेला. गिरगावचा पट्टा तर समुद्रकाठच्या वाळूचा. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे सांगतात, की येथे बागायत होती. आणि बागायत होती म्हणजे उथळ विहिरींना गोडे पाणी होते. समुद्र इतका जवळ असूनही!

याचे कारण पदार्थविज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगे आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि पावसाच्या पाण्याची १. त्यामुळे वाळूत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. चर्चगेटजवळची १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम विहीर अशीच समुद्राजवळ असून गोड्या पाण्याची म्हणून प्रसिद्ध आहे. थोडक्यात, गिरगावात काही मीटर खोदले की पाणी लागते. पूर्वी त्या पाण्यासाठी विहीर खणत. आता तेच पाणी तळघराच्या आड येते.

पाइपातले पाणी

तीन मजली तळघरासाठी नऊ-दहा मीटर खोल खड्डा घ्यावा लागतो. यात एक फायदाही आहे. मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.८ टन, म्हणजे नऊ मीटर माती काढली की जमिनीवरचा १६ टनांचा भार उतरला. दहा-पंधरा मजले जणू आगाऊ वजा झाले! पण खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की चहूबाजूंनी पाणी आत येऊ लागते. ते उपसत राहिल्याशिवाय काम होत नाही. पंप बंद करूनही चालत नाही, कारण रिकाम्या तळघरावर खालून पाण्याचा दाब असतो. पातळी तळाच्या सात मीटर वर असेल तर दर चौ.मी. ला ७ टन, वरच्या दिशेने. वरचे मजले चढण्यापूर्वी पंप थांबला, तर तळघराची फरशी उचलली जाऊन तडकेल. म्हणून पाइप महिनोन् महिने वाहतो.

हे पाणी केवळ खड्ड्यातून येत नाही. ते शेजाऱ्याच्या पायाखालूनही येते. पाण्याला भूखंडाची हद्द कळत नाही. खड्ड्यातली पातळी उतरली, की भोवतालची पातळी बशीच्या आकारात खाली येते. खड्ड्याजवळ जास्त, दूर कमी. याचा शेजारच्या इमारतीवर काय परिणाम होतो?

दोऱ्याने बांधलेला काळा दगड ताणकाट्याला अडकवा आणि पाण्यात बुडवा. त्याचे वजन सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरेल. आर्किमिडीजचे तत्त्व. आता बादलीतले पाणी हळूहळू काढून घ्या. दगड तोच, पण काट्यावरचा आकडा वाढत जातो. भूजलात बुडालेला वाळूचा प्रत्येक कण त्या दगडासारखाच आहे. पाण्याने त्याला थोडे उचलून धरलेले असते. पाणी गेले, की त्याचे पूर्ण वजन खालच्या कणांवर येते. मातीच्या कणांनी प्रत्यक्ष पेललेला भार म्हणजे एकूण भार वजा पाण्याचा दाब, हे तत्त्व कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडले, आणि मृदायांत्रिकी हे शास्त्र त्यावरच उभे राहिले.

आकडे घालून पाहू. पाण्याने भरलेली वाळू घनमीटरला २ टन. पाण्याची उचल वजा केली, की कणांवर येतो १ टन. पाणी निथळल्यावरची दमट वाळू १.८ टन, आणि आता उचल नाही. म्हणजे पातळी एक मीटर उतरली, की खालच्या थरांवर दर चौ.मी. ला ०.८ टन भार वाढतो. चार मीटर उतरली तर ३.२ टन. मघाचा दर मजल्याचा आकडा आठवा. शेजारच्या चार मजली चाळीवर जणू आणखी दोन-तीन मजले चढले! वीट चढवली नाही, परवानगी मागितली नाही, आणि ते कोणाला दिसतही नाहीत.

हा भार सर्वत्र सारखा असता तर इमारत सरळ थोडीशी खचली असती आणि फारसे बिघडले नसते. पण खड्ड्याकडची बाजू जास्त खचते. इमारत वाकते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. चुन्याची बांधणी सिमेंटपेक्षा अशी हळू हालचाल बरी सोसते, हे जुन्या इमारतींचे नशीब. कुजलेल्या तुळईचे टोक मात्र दोन सेंटिमीटर सरकले तरी भिंतीतून निसटू शकते. खाली चिकणमातीचा थर असेल तर खचणे अधिक, आणि सावकाश. मऊ थरातले पाणी निघायला महिने, कधी वर्षे लागतात. मनोरा पुरा होऊन विकासक दुसरीकडे गेल्यावर शेजारची भिंत तडकली, तर तिचा संबंध त्या पाइपाशी जोडणार कोण?

वाळूत आणखी एक धोका असतो. पाण्याबरोबर बारीक कणही वाहून येतात. पाइपातले पाणी नितळ असेल तर ठीक. ते सतत गढूळ असेल, तर कोणाच्या तरी पायाखालची माती गटारात चालली आहे असे समजावे. हे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते जुनेच आहेत. खड्ड्याभोवती आधी खडकापर्यंत काँक्रीटची अखंड भिंत उतरवायची, म्हणजे पाणी आत कमी येते. उपसलेले पाणी गटारात न सोडता शेजारच्या बाजूला पुन्हा जमिनीत मुरवायचे. मेक्सिको सिटीचा मध्यभाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसला आहे आणि भूजल उपशामुळे विसाव्या शतकात कित्येक मीटर खचला. तेथे १९५६ मध्ये ४४ मजली 'तोरे लातिनोअमेरिकाना' उभी करताना लिओनार्दो झेवार्त यांनी हेच केले. खोल खुंट, मातीचे वजन भरून काढणारे तळघर, आणि आजूबाजूची जलपातळी टिकवण्यासाठी पाणी परत जमिनीत सोडण्याची योजना. १९५७ आणि १९८५ चे भूकंप त्या इमारतीने सोसले. मुंबईतही मेट्रो ३ चे भुयार गिरगाव-काळबादेवीखालून नेताना वरच्या जुन्या इमारतींवर मोजमापाची साधने बसवून नजर ठेवली गेली. काम मोठे आणि सार्वजनिक असले, की हद्दीपलीकडे पाहण्याची व्यवस्था होते. तीस-चाळीस मीटर रुंदीच्या एका भूखंडावर ती होईलच, असे नाही.

उजेडाचा हिस्सा

पाण्याला हद्द नाही, तशी उजेडालाही नाही. मुंबई १९ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ९० − १९ − २३.५ = ४७.५ अंशांवर असतो. १२० मीटर उंच मनोऱ्याची सावली तेव्हा उत्तरेला ११० मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी कितीतरी लांब. पण सावली सरकते. तिचे दुःख थोडे. खोलीतला दिवसाचा उजेड प्रामुख्याने आकाशाकडून येतो, आणि समोर भिंत आली की आकाशाचा तो तुकडा कायमचा जातो. त्यात शहराच्या गाभ्यातील अरुंद भूखंडांना मोकळ्या अंतरांत सवलती दिल्या जातात. त्यामुळे पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत एकाच भूखंडावर असेल, तर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या खिडकीसमोर नेमके काय येणार, हे नकाशातच पाहून घ्यावे लागते.

हा चैनीचा प्रश्न नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या त्या इमारतींत, उजेड आणि हवा कमी असलेल्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. चाळीची खोली लहान असली तरी तिला सलग गॅलरी होती आणि समोर चौक होता, हे येथे आठवते. करारनाम्याच्या बैठकांत वादावादी होते ती तीनशे चौरस फूट की साडेतीनशे यावर. खिडकीतून आकाश किती अंश दिसेल, किंवा पाणी कोठे सोडणार, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते मातीच्या परीक्षणाचा अहवाल शेजारच्या इमारतीच्या रहिवाशांनीही मागून घ्यावा. त्यांचा पायाही त्याच मातीवर उभा आहे.

२००९ पासून बेटावर किमान ४००० चौ.मी. क्षेत्राच्या समूह पुनर्विकासाला प्रोत्साहन मिळाले. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारतींचा एकत्र विचार झाला. अशा योजनेत रस्ते रुंद करता येतात, गटारे नव्याने टाकता येतात, आणि इमारतींतली अंतरे आखता येतात. हिशेबाची हद्द मोठी झाली, की पूर्वी हद्दीबाहेर पडणाऱ्या पुष्कळ गोष्टी आत येतात. अर्थात तिलाही कडा असते, आणि कडेला लागून कोणाची तरी जुनी इमारत असतेच. शिवाय शेकडो मालक आणि हजारो भाडेकरू यांना एका कागदावर आणायला जी वर्षे लागतात, तीत कुजणाऱ्या तुळया थांबत नाहीत. वर उल्लेखलेली हुसैनी इमारत याच योजनेच्या क्षेत्रातली होती.

वर्गासाठी दोन कामे सुचवतो. पहिले उजेडाचे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला ओळंबा बांधावा, त्याची सरळ कड खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्यावर रोखावी, आणि ओळंब्यावरून क्षितिजापासूनचा कोन काढावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरी हे मोजून मजल्यासह तक्त्यात भरावे. कोन ६० अंशांवर गेलेली घरे आणि दिवसा दिवा लावावा लागणारी घरे यांचा मेळ बसतो का, ते पाहावे.

दुसरे काम भेगेचे, आणि ते मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे. भिंतीच्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी (सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी चालेल) दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. भेग जुनी आणि थांबलेली असेल, तर काच वर्षभर शाबूत राहते. भेग हलत असेल तर ती तडकते. पट्टी शक्यतो पावसाळा संपल्यावर, लाकूड वाळल्यानंतर लावावी. फुगणाऱ्या तुळईमुळेही काच फुटू शकते. काच तडकली तर तारीख लिहून ठेवावी, त्या आठवड्यात शेजारचा पंप चालू होता का आणि पाणी नितळ होते की गढूळ याची नोंद करावी, आणि ती वही घेऊन दुरुस्ती मंडळाच्या विभागीय कार्यालयात जावे.